स्पंज आणि खर्ज

आमच्या चिरंजीवांनी जुन्या बाजारातून बेस गिटार आणली, तेव्हा मी एवढंच विचारलं, "चारच तारा? बाकीच्या काय हप्त्याने?" त्याने कपाळाला हात लावला. आमच्या घराण्यातलं संगीत वडिलांपर्यंत शाबूत होतं. ते भजनात पखवाज वाजवत. माझ्यापाशी येऊन ते रेडिओत शिरलं आणि मुलापाशी येऊन बिघडलं, असं माझं तोवर प्रामाणिक मत होतं.

कॉलेजच्या कार्यक्रमाच्या आदल्या रात्री गिटारच्या दोन जाड तारांनी मौन धरलं. नेमका खर्जच गेला! "बाबा, पिकअप खाली बसलाय," चिरंजीव रडकुंडीला आले.

पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार थरथरली की वेढ्यांत वीज उमटते आणि तीच स्पीकरमधून बोलते. चुंबक लांब गेला तर आवाज क्षीण. फार जवळ आला तर तो तारच ओढतो आणि सूर बिघडवतो. थोडक्यात, शेजाऱ्यांशी ठेवावं तेवढंच अंतर. पिकअपखाली फोमची गादी असते. स्क्रू सैल केला की तिने त्याला वर उचलायचं. आम्ही सैल केला. स्क्रू वर आला. पिकअप मात्र जेवणानंतर लोडाला टेकलेल्या पाहुण्यासारखा ढिम्म! उघडून पाहिलं, तर फोमचं पीठ झालेलं.

रात्री दहाला दुकान कुठलं उघडं? ओट्यावर भांडी घासायचा नवा स्पंज होता. पण त्याला हात लावण्याआधी सौ.ला इतिहास सांगणं भाग होतं.

"हे बघ," मी म्हणालो, "१९३१ च्या सुमारास लॉस एंजेलिसला जॉर्ज बीचम आणि अडॉल्फ रिकनबॅकर यांनी विजेची गिटार केली. पिकअपचे वेढे गुंडाळायला बीचमने धुण्याच्या यंत्राची मोटर वापरली म्हणतात. त्या गिटारला लोकांनी नाव दिलं 'फ्राइंग पॅन'."

"फ्राइंग पॅन न्या. स्पंज मिळणार नाही."

मी पुढे सरकलो. कॅलिफोर्नियातल्या फुलरटनच्या लिओ फेंडरने १९५१ साली प्रिसिजन बेस बाजारात आणला. गृहस्थ मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. तोवर खर्जासाठी माणसाएवढा डबल बास वाहून न्यावा लागे. फेंडरच्या बेसला तारांच्या टोकाशी, झाकणाखाली, फोमचा तुकडाही असे, जास्तीची थरथर दाबायला. डेट्रॉइटच्या जेम्स जेमरसनने तो काढला नाही, आणि १९६० च्या दशकातली मोटाऊनची कितीतरी गाणी त्याच्या एका बोटावर उभी राहिली.

"म्हणजे स्पंज तिकडेही लागतोच," सौ. म्हणाली. "घ्या. उद्या भांडी तुम्ही घासा."

स्पंजाची हिरवी खरखरीत बाजू सोलून मऊ भागाचे तुकडे केले. आधी दुहेरी घडी घातली. पिकअप इतका वर आला की तारा त्यावर आपटू लागल्या. मग एकेरी ठेवली आणि पाव पाव फेरा स्क्रू आवळत गेलो. चिरंजीवांनी जाड तार छेडली. मांडणीतली ताटं थरथरली.

तो आवाज मला ओळखीचा वाटला. वडील वाजवण्याआधी पखवाजाच्या डाव्या पुडीला ओली कणीक थापत. थोडी काढत, थोडी लावत, कान देऊन बसत. खर्ज हवा तसा घुमला की मान हलवत. आणि आई दारातून म्हणे, "चार पोळ्यांची कणीक गेली!" मी हे मुलाला सांगितलं. त्याने भिंतीवरच्या पखवाजाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं. "किती लावायचे आजोबा?"

मला सांगता येईना. इतकी वर्षं मी फक्त आईची तक्रार ऐकली होती.

कार्यक्रम छान झाला. दुसऱ्या दिवशी मी भांडी घासली. रात्री जेवायला दोन पोळ्या कमी होत्या, आणि पखवाज भिंतीवर नव्हता.