वाइटांगी कराराचे दोन पाठ आणि माओरी स्त्रियांच्या स्वाक्षऱ्या

न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर वाइटांगी नावाचे स्थान आहे. ६ फेब्रुवारी १८४० रोजी तेथे ब्रिटिश राजसत्तेचे प्रतिनिधी कॅप्टन विल्यम हॉब्सन आणि चाळिसांहून अधिक माओरी ‘रंगातिरा’ यांच्यामध्ये एक करार झाला. रंगातिरा म्हणजे कुळाचे अग्रणी. करार अवघ्या तीन कलमांचा. पुढील काही महिन्यांत त्याच्या प्रती देशभर फिरविण्यात आल्या आणि एकंदर पाचशेहून अधिक स्वाक्षऱ्या व चिन्हे त्यांवर उमटली. इंग्रजी प्रतीवर यांपैकी केवळ ३९ जणांनी सही केली. उरलेल्या सर्वांनी माओरी प्रतीवर केली. या दोन पाठांचा अर्थ एक नाही. ज्या पाठावर राज्याचा हक्क सांगितला गेला तो एक, आणि ज्या पाठास संमती मिळाली तो दुसरा, अशी ही विलक्षण स्थिती आहे. शब्दार्थाचा एक प्रश्न एका समाजाच्या हक्कांचा प्रश्न कसा बनतो, हे या उदाहरणावरून पाहणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

इंग्रजी मसुदा हॉब्सन, त्यांचे सचिव जेम्स फ्रीमन आणि ब्रिटिश रेसिडेंट जेम्स बझ्बी यांच्या हातून तयार झाला. ४ फेब्रुवारीच्या रात्री मिशनरी हेन्री विल्यम्स व त्यांचे पुत्र एडवर्ड यांनी त्याचे माओरीत भाषांतर केले. दुसऱ्या दिवशी जमलेल्या लोकांपुढे तो वाचला गेला, चर्चा झाली, आणि तिसऱ्या दिवशी सह्या. इतक्या घाईत केलेल्या भाषांतरात दोष राहणे स्वाभाविक होते, असे म्हणून विषय सोडून देता येईल. परंतु येथे दोष नेमक्या त्याच शब्दांत आहेत, ज्यांवर सत्तेचा सारा व्यवहार अवलंबून होता.

पहिल्या कलमात इंग्रजी पाठ सार्वभौमत्वाचे सर्व हक्क व अधिकार राणीस देतो. माओरी पाठात त्या जागी ‘कावनतंगा’ हा शब्द आहे. ‘कावना’ हे ‘गव्हर्नर’ या इंग्रजी शब्दाचे माओरी उच्चारानुसार झालेले रूप. त्यास भाववाचक ‘-तंगा’ हा प्रत्यय लागून हा शब्द बनला. मराठीत ‘पाटील’ या शब्दापासून ‘पाटीलकी’ होते, तद्वत् ‘गव्हर्नर’पासून ‘गव्हर्नरकी’ झाली असे समजावे. १८३७ साली छापलेल्या माओरी नव्या करारात पाँटियस पायलेट यास ‘कावना’ म्हटले आहे. म्हणजे वाचकाच्या मनात या शब्दाने उभा राहणारा मनुष्य राजा नव्हे, तर दूरच्या राजाने नेमलेला कारभारी होता.

दुसऱ्या कलमातील अंतर याच्या उलट दिशेने जाते. इंग्रजी पाठ माओरींना त्यांच्या जमिनी, वने व मत्स्यक्षेत्रे यांच्या अबाधित कबजाचे आश्वासन देतो. म्हणजे ते मालमत्तेचे आश्वासन आहे. माओरी पाठात ‘तिनो रंगातिरतंगा’ असे शब्द आहेत. ‘रंगातिरा’ या शब्दास तोच ‘-तंगा’ प्रत्यय लागून अग्रणीपणाची संपूर्ण सत्ता असा अर्थ होतो, आणि ती सत्ता केवळ जमिनीवर नव्हे तर ‘ताओंगा’ म्हणजे मौल्यवान अशा सर्व गोष्टींवर सांगितली आहे. एका पाठात जी सत्ता दिली गेली, तीच दुसऱ्या पाठात राखून ठेवली गेली, असा हा विरोध आहे.

सार्वभौमत्वासाठी त्या काळच्या माओरीत योग्य शब्दच नव्हता, अशी एक सबब सांगितली जाते. ती पुराव्यावर टिकत नाही. २८ ऑक्टोबर १८३५ रोजी उत्तरेकडील ३४ रंगातिरांनी स्वातंत्र्याची घोषणा केली होती, आणि तिच्या माओरी पाठातही हेन्री विल्यम्स यांचाच हात होता. तेथे सर्वोच्च सत्तेसाठी ‘किंगितंगा’ आणि ‘मना’ हे शब्द योजिले आहेत, तर स्वातंत्र्यासाठी ‘रंगातिरतंगा’. पाच वर्षांनी त्याच भाषांतरकाराने ‘मना’ हा शब्द का टाळला? लोक सही करणार नाहीत या भीतीने, की गव्हर्नराचे अधिकार मर्यादितच राहतील अशा प्रामाणिक समजुतीने, याविषयी इतिहासकारांत एकमत नाही. मात्र भाषांतरकाराचा हेतू काहीही असो, ‘मना’ द्या असे सही करणाऱ्यांना कोणी सांगितले नाही, एवढे निश्चित.

२१ मे १८४० रोजी हॉब्सन यांनी उत्तर बेटावर कराराच्या आधारे, तर दक्षिणेवर प्रथम शोधाच्या हक्काने ब्रिटिश सार्वभौमत्व जाहीर केले. सह्या गोळा करण्याचे काम तेव्हा चालूच होते. पुढे १८६० नंतरची युद्धे झाली, १८६३ च्या कायद्याने जमिनी जप्त झाल्या, आणि १८६५ च्या कायद्याखालील जमीन न्यायालयाने सामुदायिक मालकी व्यक्तींच्या नावावर चढविली, त्यामुळे विक्री सुकर झाली. १८७७ साली मुख्य न्यायाधीश प्रेंडरगास्ट यांनी हा करार कायद्याच्या दृष्टीने शून्यवत् ठरविला. ज्या कागदावर राज्याने आपला हक्क उभारला तोच कागद राज्याचे कर्तव्य सांगू लागताच निरर्थक ठरला.

या विषयास आधुनिक संशोधनाचे वळण दिले ते इतिहासकार रूथ रॉस यांनी. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखाने संशोधकांचे लक्ष इंग्रजी पाठावरून माओरी पाठाकडे वळविले. रॉस यांचा निष्कर्ष कोणासही सोयीचा नव्हता. करार घाईने रचलेला, संदिग्ध व परस्परविरोधी आहे, असे त्यांनी दाखविले. त्यास पवित्र सनद मानणाऱ्यांचीही त्यांनी गय केली नाही. १९८७ साली क्लॉडिया ऑरेंज यांच्या ग्रंथाने हा इतिहास सविस्तर मांडला. १९९९ साली लिंडा तुहिवाई स्मिथ यांनी मूलनिवासी समाजावरील संशोधनाच्या पद्धतींचीच चिकित्सा केली. तेव्हापासून दस्तऐवज कोणी वाचावा आणि प्रश्न कोणी विचारावे, हाही संशोधनाचा विषय झाला.

असा प्रश्न विचारताच स्त्रियांच्या स्वाक्षऱ्या दिसू लागतात. किमान १३ स्त्रियांनी करारावर सही केली, असे आता मानले जाते. ‘किमान’ म्हणण्याचे कारण असे की, माओरी नावावरून स्त्री की पुरुष हे ओळखता येतेच असे नाही. ‘रंगातिरा’ हा शब्दही लिंगनिरपेक्ष आहे आणि ‘इआ’ हे तृतीय पुरुषी सर्वनामही. इंग्रजीत त्याचे भाषांतर होताच तो शब्द व्यवहारतः पुरुषवाचक बनला. मराठीतही ‘सरदार जमले’ म्हणताच क्रियापद स्त्रियांना वगळून टाकते. हा भेद केवळ व्याकरणाचा राहिला नाही. माओरी जाणणाऱ्या हेन्री विल्यम्स यांनी मे १८४० मध्ये रंगी तोपेओरा व रेरे-ओ-माकी या स्त्रियांच्या सह्या स्वीकारल्या. पुढल्याच महिन्यात क्लाउडी बे येथे मेजर बनबरी या सेनाधिकाऱ्याने एका थोर कुळातील स्त्रीस सही करू दिली नाही, आणि त्या अपमानाने तिच्या पतीनेही सही नाकारली. जी सत्ता त्या स्त्रीपाशी होती ती मान्य करण्यास येणाऱ्या राज्याच्या संकल्पनेत जागाच नव्हती.

या धाग्याचा पुढील इतिहास सलग आहे. १८९३ साली मेरी ते ताई मंगाकाहिया यांनी माओरींच्या स्वतःच्या ‘कोताहितंगा’ संसदेपुढे उभे राहून स्त्रियांस मताचा व सभासदत्वाचा हक्क मागितला. १९५१ साली स्थापन झालेल्या माओरी महिला कल्याण संघाच्या पहिल्या अध्यक्षा फिना कूपर यांनी १९७५ साली ते हापुआपासून वेलिंग्टनपर्यंतच्या भूमियात्रेचे नेतृत्व केले. त्याच वर्षी वाइटांगी न्यायाधिकरणाचा कायदा झाला आणि दोन्ही पाठांचा अर्थ लावण्याचा अधिकार त्या मंडळास मिळाला. १९८५ मध्ये १८४० पर्यंतच्या तक्रारी त्याच्या कक्षेत आल्या. १९८६ साली न्यायाधिकरणाने माओरी भाषा ही ‘ताओंगा’ आहे असा निर्णय दिला, आणि १९८७ च्या कायद्याने ती राजभाषा झाली. इंग्रजी पाठात भाषेचा उल्लेखही नाही. हा निर्णय माओरी पाठातील एका शब्दावर उभा आहे. १९९३ साली कूपर, मीरा साझी आदी स्त्रियांनी राज्याने स्त्रियांच्या ‘मना’ची हानी केल्याचा दावा दाखल केला, त्यावरील व्यापक चौकशी २०१८ मध्ये सुरू झाली.

२०१४ साली न्यायाधिकरणाने, फेब्रुवारी १८४० मध्ये सही करणाऱ्या रंगातिरांनी सार्वभौमत्व सोडलेले नव्हते, असा निष्कर्ष काढला. त्यासाठी केवळ शब्दकोश पुरेसा नव्हता. वाइटांगीच्या चर्चेत गव्हर्नर आपल्या वर असणार की आपल्या बरोबरीने, असे जे विचारले गेले त्याचाही विचार करावा लागला. राज्य मात्र आपले सार्वभौमत्व गृहीतच धरून आहे. कराराची तत्त्वे कायद्याने नव्याने ठरवू पाहणारे विधेयक २०२४ साली संसदेत आले. त्याविरुद्ध हजारोंचा मोर्चा वेलिंग्टनला गेला, आणि १० एप्रिल २०२५ रोजी ते ११२ विरुद्ध ११ मतांनी फेटाळले गेले.

भाषाशास्त्राने राज्ये उलथत नाहीत. ‘कावनतंगा’चा अर्थ निश्चित केल्याने जप्त झालेली एक एकरही जमीन आपोआप परत येत नाही. तथापि संमती खरी होती की नाही, या प्रश्नाचे उत्तर देण्यापूर्वी संमती कशाला दिली हे ठरवावे लागते. आणि ते, ज्यांनी सही केली त्या पुरुषांच्या व स्त्रियांच्या भाषेतच ठरविता येते. वसाहतकालीन दस्तऐवज हाताळणाऱ्या प्रत्येक अभ्यासकाने त्याचा देशी पाठ हा मूळ पाठ आहे असे समजून वाचनास आरंभ करावा, हा या इतिहासाचा बोध होय.