प्राण्यांच्या पत्त्यावरून भूगोल

पाच-सहा वर्षांच्या मुलाला अक्षांश-रेखांश कळत नाहीत. पण वाघ, गेंडा, पेंग्विन त्याच्या चांगल्या ओळखीचे असतात. या ओळखीच्या आधारे नकाशा शिकविता येतो. मात्र 'कोणता प्राणी कोठे राहतो' एवढेच पाठ करून घेतल्यास आणखी एका यादीची भर पडते. 'तो तेथेच का राहतो?' असे विचारल्यावर भूगोलाला आरंभ होतो.

चित्रांची पुस्तके येथे पुष्कळदा घात करतात. त्यांत ध्रुवीय अस्वल आणि पेंग्विन एकाच हिमखंडावर शेजारी उभे असतात. प्रत्यक्षात अस्वल उत्तरेच्या गोठलेल्या समुद्रावर सीलची शिकार करते, तर पेंग्विन दक्षिण गोलार्धातले. पृथ्वीच्या गोलावर दोघांच्या जागा बोटाने दाखविल्या की दोन ध्रुवांमधील अंतर मुलाला दिसते. शिवाय सारेच पेंग्विन बर्फात राहत नाहीत. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ मध्ये आणलेले हंबोल्ट पेंग्विन मूळचे पेरू व चिलीच्या किनाऱ्यावरचे. तेथे बर्फ नाही. दक्षिणेकडून येणारा थंड सागरी प्रवाह आहे.

भारताच्या नकाशावर लडाखमध्ये हिमबिबट्या, कच्छच्या छोट्या रणात रानगाढव आणि आसामातील काझिरंग्यात एकशिंगी गेंडा ठेवावा. गेंड्यापाशी जरा अधिक वेळ थांबावे. ब्रह्मपुत्रेला पावसाळ्यात पूर येतो, गाळ पसरतो, त्यावर उंच गवत वाढते, तळी भरतात. गेंड्याला चरायला आणि डुंबायला मिळते ते यामुळेच. पण याच पुरात प्राणी बुडतातही. ते कार्बी आंगलाँगच्या टेकड्यांकडे धावतात, तेव्हा वाटेत महामार्ग आडवा येतो. नदी, गाळ, डोंगर आणि रस्ता यांचा संबंध मुलाला एवढ्या एका गोष्टीतून कळतो. त्यासाठी फरशीवर खडूने काढलेला नकाशा आणि कापलेली चित्रे पुरतात.

महाराष्ट्रातील जोडी शेकरू आणि माळढोक यांची घ्यावी. भीमाशंकरच्या दाट रानात शेकरू झाडावरून झाडावर जातो. त्यामुळे फांद्या एकमेकींना भिडलेल्या हव्यात. माळढोकाचे नेमके उलट. तो जमिनीवरच अंडे घालतो आणि त्याला उघडा, गवताळ माळ लागतो. सोलापूरजवळच्या नान्नजला असा माळ राखला आहे. तरी तेथे माळढोक आता क्वचितच दिसतो. माळ पडीक समजून त्यावर झाडे लावली, तरी त्याचे घर मोडते. शहरातील मुलांना 'झाडे लावा' एवढेच शिकविले जात असल्याने हे उदाहरण मुद्दाम द्यावे.