फवारणी सुरक्षा प्रशिक्षण (यवतमाळ जिल्हा)

कीटकनाशके हाताळणाऱ्या शेतकरी-शेतमजुरांना विषबाधेपासून बचावाचे दिले जाणारे शिक्षण. कीटकनाशके अधिनियम, 1968 व त्याखालील 1971 चे नियम हा त्याचा कायदेशीर पाया. नियम 42 नुसार प्रशिक्षणाची जबाबदारी उत्पादक, वितरक व फवारणी व्यावसायिकांवर आहे. 2017 च्या खरिपात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना (पहा : कापूस) 20 हून अधिक जण दगावले व शेकडो रुग्णालयात दाखल झाले, त्यानंतर हा विषय ऐरणीवर आला. राज्य शासनाने मृतांच्या वारसांना प्रत्येकी 2 लाख रुपये जाहीर केले आणि काही कीटकनाशकांची विक्री तात्पुरती थांबवली.

प्रशिक्षणात वाऱ्याच्या दिशेने फवारणे, दोन औषधे मनाने न मिसळणे, तुंबलेले नोझल तोंडाने न फुंकणे आणि हातमोजे, गॉगल, बूट वापरणे शिकवतात. डोक्याएवढ्या उंच कपाशीत मात्र तुषार थेट चेहऱ्यावर येतात. विदर्भातील उकाड्यात पूर्ण अंगरखा घालून दिवसभर पंप वाहणे जिकिरीचे असते. रोजंदारीच्या मजुरापर्यंत, ज्याच्या पाठीवर पंप असतो, प्रशिक्षण पोचणे म्हणूनच सर्वांत निकडीचे.

सरकारी निधी ‘आत्मा’ (कृषी तंत्रज्ञान व्यवस्थापन यंत्रणा) योजनेतून येतो. त्यात केंद्र व राज्याचा वाटा 60:40 असतो (पहा : कृषिविस्तार). हा पैसा कंपन्यांनी कायद्याने करावयाच्या प्रशिक्षण-खर्चाची जागा घेऊ लागला, तर स्वखर्चाने प्रशिक्षण देणारा उत्पादक बाजारात तोट्यात राहतो (पहा : स्पर्धा अधिनियम, 2002).