मुंबईच्या बागा आणि किनारे कोण राखते? चर्नी रोडपासून चैत्यभूमीपर्यंत

दरवर्षी ७ डिसेंबर उजाडला की ठरलेले फोटो फिरू लागतात. शिवाजी पार्कच्या मैदानात पडलेल्या पत्रावळ्या, पाण्याच्या बाटल्या, दादर चौपाटीच्या वाळूतला कागद. खाली ठरलेली वाक्ये असतात: "या लोकांना शिस्त नाही", "आमच्या पार्कची वाट लावली". ज्या किनाऱ्यावर ७ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांना अखेरचा निरोप दिला गेला, तिथे डोके टेकवायला आलेला माणूस या फोटोंत दिसत नाही, त्याने मागे ठेवलेली बाटली मात्र दिसते. गणेश विसर्जनानंतर याच वाळूत पाय ठेवायला जागा नसते. तेव्हा बातमीचा विषय 'निर्माल्य' असतो, भाविकांची जात नसते.

या टीकेला आपले तरुण बहुतेक वेळा एकच उत्तर देतात: आम्हीही सफाई करतो, फुलांऐवजी वही-पेन आणतो. हे चांगलेच आहे, पण माझ्या मते एवढ्याने भागत नाही. कारण प्रश्न एका दिवसाच्या कचऱ्याचा नाही. या शहराच्या बागा, झाडे आणि किनारे राखतो कोण आणि उपभोगतो कोण, हा तो प्रश्न आहे. त्याला शे-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे आणि तो आपला इतिहास आहे.

चर्नी रोडपासून सुरुवात करू. एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणारा भीमराव शाळा सुटली की चर्नी रोडच्या बागेत वाचत बसायचा. परळच्या डबक चाळीत एक खोली, त्यात सगळे कुटुंब, चूल, जाते, बांधलेली शेळी. तिथे दिवसाउजेडी वाचणार कुठे? बागेत बाक होता, झाडाची सावली होती आणि 'तू कोण रे?' म्हणून उठवणारा कुणी नव्हता. तिथेच विल्सन हायस्कूलचे शिक्षक कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांची नजर त्याच्यावर गेली. १९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक झाला, सी. के. बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्कार झाला आणि केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याच्या हातात ठेवले. पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याला नेणारेही केळुसकरच. आपल्याकडे ही कथा गुरुजींच्या मोठेपणाची म्हणून सांगितली जाते. गुरुजी मोठे होतेच. पण त्या कथेत एक बागही आहे. फुकट, सार्वजनिक, कुंपणाला दार असलेली पण दाराशी जात न विचारणारी. ती नसती तर ही भेट कुठे झाली असती? गुरुजींचे नाव चरित्रांत आले. ती बाग रोज झाडून, पाणी घालून बसण्यासारखी ठेवणाऱ्या माळ्या-झाडूवाल्यांपैकी एकाचेही नाव आले नाही.

सत्काराचे अध्यक्ष बोले यांनीच ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात तो प्रसिद्ध ठराव मंजूर करून घेतला. सरकारी पैशातून बांधलेली वा राखलेली पाणवठ्याची ठिकाणे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत, असा तो ठराव. त्यातल्या 'राखलेली' या शब्दाकडे लक्ष द्या. जे सार्वजनिक पैशाने राखले जाते, त्यावर सगळ्यांचा हक्क. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे कागदावर खुले केले. प्रत्यक्षात पाणी प्यायला २० मार्च १९२७ उजाडावा लागला. ठराव आणि वापर यांतले अंतर आंदोलनाने कापावे लागते. तळ्याला लागू पडलेले हे तत्त्व बागेला आणि किनाऱ्याला लागू पडत नाही असे कोण म्हणेल?

आता बागा कुठे झाल्या ते बघा. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये सरकारने बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट काढला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, दादर-माटुंग्याला आखीव वसाहती वसवल्या. पाच उद्यानांचा परिसर त्याच आखणीतला. त्याच ट्रस्टने कामगारांसाठी चाळीही बांधल्या. परळच्या पोयबावडीतली बी.आय.टी. चाळ त्यांतलीच. बाबासाहेब तिथे दोन खोल्यांत वीसेक वर्षे राहिले, तिथूनच 'मूकनायक' आणि महाड घडले. म्हणजे एकाच संस्थेच्या नकाशावर एकीकडे उद्याने होती आणि दुसरीकडे सामाईक नळ-संडासाच्या चाळी. बाबासाहेब दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधून गेले ते १९३० नंतर. आपल्यातल्या बाकीच्या लाखोंना ती वाट मिळाली नाही.

मग झाडू आपल्याच हातात कसा आला? 'परंपरेने' हे उत्तर अर्धवट आहे. मुंबईत आलेल्या महार माणसाला गिरणीच्या विणकाम खात्यात, म्हणजे चांगल्या पगाराच्या खात्यात, घेत नसत. कांडीतला धागा तोंडाने ओढावा लागतो, अस्पृश्याच्या तोंडाचा विटाळ होईल, हे कारण. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न युनियनच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक मांडला. गिरणीचे दार असे अर्धे बंद असताना नगरपालिकेचे एक दार मात्र सताड उघडे होते: बिगारी, झाडूवाला, हलालखोर. जातीने अडवायचे आणि जातीनेच भरती करायची, अशी दुहेरी सोय.

बाबासाहेबांनी तिथे काय केले? १९३५ मध्ये मुंबई म्युनिसिपल कामगार संघ उभा केला. १९३८ मध्ये औद्योगिक तंटा विधेयकाने संपावर गुन्ह्याचा शिक्का मारायचा घाट घातला, तेव्हा त्यांनी विधिमंडळात विरोध केला. मनाविरुद्ध काम करायला लावून नकाराबद्दल शिक्षा देणे म्हणजे माणसाला गुलाम करणे, हा त्यांचा मुद्दा होता. ७ नोव्हेंबर १९३८ ला त्या विधेयकाविरुद्ध संप झाला.

इथे काही तरुण विचारतात, आणि बरोबर विचारतात: बाबासाहेब तर घाणीची कामे सोडा म्हणत होते, मग त्याच कामाची युनियन कशाला? महार वतन नष्ट करा म्हणून १९२८ मध्ये विधेयक मांडणारा माणूस झाडूवाल्याच्या पगारासाठी का भांडतो? मला यात विसंगती दिसत नाही. वतनात माणूस गावाला बांधलेला होता, मोबदला गावाच्या मर्जीवर होता. युनियनने मागितले ते ठरलेले वेतन, ठरलेले तास, काम नाकारायचा हक्क. जो माणूस हातातले काम नाकारू शकतो आणि ज्याच्या घरात महिन्याला नक्की पगार येतो, त्याचीच मुले ते काम सोडून जाऊ शकतात. आपल्यातले किती वकील, प्राध्यापक, बँक कर्मचारी हे महापालिकेतल्या कायम झाडूवाल्याची मुले-नातवंडे आहेत, हे ज्याने त्याने आपापल्या घरात मोजावे. झाडू सुटला तो कायम नोकरीमुळे, झाडूच्या गौरवामुळे नाही.

गौरवाचा मुद्दा महत्त्वाचा आहे. १९४५ च्या 'व्हॉट काँग्रेस अँड गांधी हॅव डन टू द अनटचेबल्स' या ग्रंथात बाबासाहेबांनी गांधीवादावर जे वार केले, त्यांतला एक नेमका इथे बसतो. भंगीकाम ही समाजाची थोर सेवा आहे असे सांगत राहणे म्हणजे ते करणाऱ्याला तिथेच ठेवण्याची गोड युक्ती आहे, असे ते म्हणत होते. सेवा म्हटले की पगाराचे बोलणे हलके ठरते.

पन्नासेक वर्षांनी मुंबई महापालिकेने हीच युक्ती कागदावर उतरवली. नव्वदीनंतर कायम भरती आटली आणि कचरा उचलण्याचे, झाडण्याचे काम कंत्राटात गेले. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा, तो लागू व्हायला तेव्हा वीस कामगारांची अट होती. मग एका कंत्राटात वीसपेक्षा कमी माणसे दाखवायची. त्याहून पुढची मजल म्हणजे नाव बदलणे. कंत्राटदार झाला 'संस्था', मजुरी झाली 'मानधन' आणि कामगार झाला 'स्वयंसेवक'. स्वयंसेवकाला किमान वेतन कशाला, रजा कशाला, भविष्य निर्वाह निधी कशाला? या माणसांत दुष्काळाने मराठवाड्यातून हुसकलेले आपले लोक मोठ्या संख्येने होते. कचरा वाहतूक श्रमिक संघाने वर्षानुवर्षे न्यायालयात भांडण लढवले. औद्योगिक न्यायाधिकरणाने २०१४ मध्ये २,७०० कामगारांना कायम करण्याचा निवाडा दिला. महापालिका वर गेली. ७ एप्रिल २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाने निवाडा कायम ठेवला. चवदार तळ्यासारखेच इथेही: निकाल लागल्यावर तो अमलात आणायला पुन्हा खेटे घालावे लागले.

आता 'स्वयंसेवक' हा शब्द किनाऱ्यावर काय करतो ते पाहू. वर्सोव्याच्या किनाऱ्यावर २०१५ च्या ऑक्टोबरात वकील अफरोज शाह यांनी सफाई सुरू केली, लोक जमत गेले, २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी त्यांचा सन्मान केला. काम मोठे आहे, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. पण शनिवार-रविवारच्या हातमोज्यांचे फोटो येतात, तेव्हा सोमवार ते शुक्रवार त्या वाळूत कोण असते? पावसाळ्यात मोठ्या भरतीला समुद्र शहराने गटारात आणि मिठी नदीत सोडलेले सगळे परत आणून टाकतो. ओला, वाळूने जड झालेला कचरा. प्लास्टिकच्या पिशव्या वाळूत अर्ध्या गाडलेल्या, ओढल्या की फाटतात. त्यात काचा, सुया, मेलेली जनावरे. सकाळी दाताळ्याने तो ओढायचा, पाटीत भरायचा, गाडीपर्यंत न्यायचा. पुढची भरती तेवढाच पुन्हा आणते. ज्याला दोन तासांनी घरी जाऊन अंघोळ करायची आहे त्याच्यासाठी ही सेवा आहे. ज्याला हे वर्षभर करायचे आहे त्याच्यासाठी ही नोकरी आहे आणि तिला नोकरीचेच नियम हवेत. पहिल्याच्या टाळ्यांनी दुसऱ्याचा पगार झाकला जातो.

झाडांच्या बाबतीत वेगळे नाही. आरेमध्ये ऑक्टोबर २०१९ च्या एका रात्रीत झाडे तोडायला सुरुवात झाली. दोन हजारांवर झाडे गेली. शहर हळहळले ते योग्यच. बाळासाहेब आंबेडकर तिथे पोहोचले तेव्हा त्यांना ताब्यात घेतले गेले, हेही लक्षात असू द्या. पण ज्या आदिवासी पाड्यांनी ते जंगल पिढ्यान्‌पिढ्या राखले, त्यांच्या घरांच्या हक्काचा प्रश्न आला की मेणबत्त्या कमी होतात. झाड वाचवायचे आणि राखणदार विसरायचा, हे आपल्या शहरी पर्यावरणप्रेमाचे जुने दुखणे आहे.

आणि मोकळी जागा उरलीच किती? मुंबईत माणशी सव्वा चौरस मीटरच्या आसपास. गिरण्यांच्या जमिनीतून शहराला एक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेसाठी मिळायचा होता, १९९१ च्या नियमात तसे होते. २००१ मध्ये नियम बदलून तो वाटा फक्त रिकाम्या जमिनीपुरता आणला आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बदल मान्य केला. नायगाव, परळ, वरळीच्या चाळींतल्या पोरांच्या वाट्याची बाग तिथे गेली, तिच्यावर टॉवर आले. इंदू मिलची बारा एकर स्मारकासाठी मिळाली तीही ६ डिसेंबर २०११ ला कार्यकर्ते आत घुसले म्हणून. उरलेल्या मैदानांपैकी कितीतरी 'देखभालीसाठी' खाजगी संस्थांना दिली गेली. देखभाल करणाराच मालक झाला, क्लब झाले, फी आली. २०१६ च्या जानेवारीत महापालिकेने असेच धोरण पुन्हा मंजूर केले, ओरड झाली, मुख्यमंत्र्यांना ते थांबवावे लागले. गंमत पाहा: नगरसेवकाच्या मर्जीतल्या संस्थेने बाग 'राखली' तर बाग तिची होते. शंभर वर्षे झाडू मारणाऱ्याची मात्र त्या बागेत डबा खायलाही जागा नसते.

म्हणून ७ डिसेंबरच्या फोटोंना उत्तर देताना आपणही झाडू घेऊन फोटो काढणे मला पुरेसे वाटत नाही. त्या रात्री शिवाजी पार्क आणि चौपाटी साफ करणाऱ्यांत कितीतरी जण आदल्या दिवशी चैत्यभूमीच्या रांगेत उभे असतात. त्यांच्या चौकीवर जा. मस्टर कुणाचे आहे, महापालिकेचे की कंत्राटदाराचे, ते विचारा. दादरच्या लोकांनी जी-उत्तर विभागात, बाकीच्यांनी आपापल्या वॉर्डात माहितीच्या अधिकारात अर्ज टाकावा: उद्यान आणि घनकचरा खात्यात मंजूर पदे किती, रिकामी किती, बागांची आणि किनाऱ्यांची कंत्राटे कुणाला, कामगारांना किमान वेतन आणि भविष्य निर्वाह निधी मिळतो का, बायांना कपडे बदलायला खोली आहे का. आणि विभागातली कोणती मैदाने कोणत्या संस्थेच्या ताब्यात आहेत, तिथे फी किती, तेही विचारा. अर्जाचे उत्तर तीस दिवसांत यायला हवे. नाही आले तर अपील करा आणि आलेली उत्तरे एकमेकांना दाखवा, म्हणजे पुढच्या ६ डिसेंबरच्या आत वॉर्डवार यादी आपल्या हातात असेल.