सिलोनमधील ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन : स्थलांतर, गृहस्थिती आणि छायाचित्रण (१८७५–१८७९)

एकोणिसाव्या शतकातील छायाचित्रणाच्या इतिहासात ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन यांचे स्थान आता वादातीत झाले आहे. त्यांच्या कृतींची समग्र सूची कॉक्स व फोर्ड यांनी २००३ साली प्रसिद्ध केली. तीत बाराशेंहून अधिक छायाचित्रांची नोंद आहे. यांपैकी बहुतेक सर्व १८६४ ते १८७५ या काळात इंग्लंडमध्ये निर्माण झाली. ऑक्टोबर १८७५ मध्ये कॅमेरॉनबाई पतीसह सिलोनला (आजच्या श्रीलंकेला) राहावयास गेल्या आणि जानेवारी १८७९ मध्ये तेथेच वारल्या. या सव्वातीन वर्षांतील जी छायाचित्रे आज उपलब्ध आहेत त्यांची संख्या तीसही भरत नाही. या ओहोटीचे कारण सामान्यतः हवामानात शोधले जाते : उष्णता फार, रसायने दुर्मिळ, शुद्ध पाण्याची वानवा. हे कारण खोटे नव्हे. परंतु ते पुरेसे आहे काय, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

त्या काळच्या ओल्या कलोडियन पद्धतीत काचफलकावर ईथर व मद्यार्क यांत विरघळविलेल्या कलोडियनचा लेप द्यावा लागे, मग तो फलक सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवून ओला असतानाच कॅमेऱ्यात घालावा लागे, आणि लेप सुकण्यापूर्वीच अंधाऱ्या खोलीत त्यावरील प्रतिमा प्रकट करावी लागे. उष्ण प्रदेशात ईथर झपाट्याने उडून जाते व छायाचित्रकाराला मिळणारा अवधी तेवढाच आखडतो. कॅमेरॉनबाईंचे फलक १५ × १२ इंचांपर्यंत मोठे असत आणि त्यांचा प्रकाशनकाळ काही मिनिटांचा असे. तेव्हा ही अडचण त्यांना इतरांहून अधिक जाणवली असणार. तथापि याच वर्षांत कोलंबोत स्कीन आणि कंपनी व कँडीत चार्ल्स स्कोवेन हे व्यावसायिक छायाचित्रकार याच पद्धतीने विपुल काम करीत होते. मुंबईत तर छायाचित्रण मंडळी १८५४ सालीच स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तीत भाग घेत होते, आणि विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड १८६३ व १८६६ मध्ये प्रसिद्ध केले होते. मुंबईचा उन्हाळा कोलंबोहून सौम्य नाही. शिवाय कॅमेरॉनबाईंना उष्ण कटिबंध अपरिचितही नव्हता. त्यांचा जन्म ११ जून १८१५ रोजी कलकत्त्यात, कंपनी सरकारच्या एका अधिकाऱ्याच्या घरी झाला. विवाहही १८३८ मध्ये तेथेच झाला, आणि १८४८ पर्यंतचा संसारही तेथेच. सिलोनमध्ये त्यांना नवे होते ते ऊन नव्हे. नवे होते ते घर, आणि त्या घरातील स्वतःचे स्थान.

पतीची गोष्ट वेगळी होती. चार्ल्स हे कॅमेरॉन (जन्म १७९५) यांचा सिलोनशी संबंध १८३० पासूनचा. कोलब्रुक-कॅमेरॉन आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी तेथील न्यायव्यवस्थेवर अहवाल लिहिला व १८३३ ची न्यायविषयक सनद त्यातून निघाली. याच आयोगाच्या चौकशीतून ‘राजकारिय’ ही वेठीची पद्धत १८३२ मध्ये बंद झाली. पुढे कलकत्त्यास मेकॉलेच्या विधी आयोगावर त्यांनी काम केले. १८६० च्या ज्या भारतीय दंडसंहितेखाली हा देश १ जुलै २०२४ पर्यंत चालला, तिच्या मूळ मसुद्याला त्यांचाही हात लागलेला होता. सिलोनच्या डोंगराळ भागात त्यांनी जमिनी घेतल्या आणि तेथे कॉफीचे मळे उभे राहिले. वेठ रद्द करणाऱ्या आयोगाचा सदस्यच मळेवाला व्हावा, आणि त्या भागातील मळ्यांवर मद्रास इलाख्यातून आलेल्या तमिळ मजुरांनी राबावे, यातील विसंगती त्या पिढीतील कोणाला टोचलेली दिसत नाही. वाइट बेटावरील फ्रेशवॉटर येथे १८६० मध्ये घेतलेल्या घराला कॅमेरॉन दांपत्याने ‘डिंबोला’ हे नाव दिले, ते डिंबुला खोऱ्यातील मळ्यावरूनच. म्हणजे पंधरा वर्षे हे कुटुंब इंग्लंडात सिलोनच्या नावाखाली राहिले आणि सिलोनच्या उत्पन्नावर विसंबून राहिले.

कॅमेरॉनबाईंची कला याच ‘डिंबोला’मध्ये जन्मली. डिसेंबर १८६३ मध्ये, त्या ४८ वर्षांच्या असताना, मुलीने व जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. कोळशाच्या कोठीची अंधारी खोली झाली, कोंबड्यांच्या खुराड्याचे काचघर झाले. चित्रासाठी बसणारी माणसे घरातली आणि दारातली : मेरी हिलियर ही मोलकरीण कुमारी माता मेरी होऊन बसे, भाच्या-पुतण्या देवदूत होत, आणि शेजारी टेनिसन राहत असल्यामुळे त्यांच्याकडे येणारे विद्वान व कवी यांनाही या काचघरातून सुटका नसे. मेरी रायन ही एका भिकारणीची मुलगी. कॅमेरॉनबाईंनी तिला घरी वाढविले व तिची अनेक छायाचित्रे घेतली. लंडनच्या प्रदर्शनात तिचे चित्र पाहून हेन्री कॉटन हा तरुण तिच्यावर लुब्ध झाला आणि १८६७ मध्ये त्यांचा विवाह झाला. हेच सर हेन्री कॉटन १९०४ च्या मुंबई काँग्रेसचे अध्यक्ष होत.

या तपशिलांवरून एक गोष्ट स्पष्ट होते. कॅमेरॉनबाईंचे छायाचित्रण ही भाडोत्री स्टुडिओतील कला नव्हती. ती एका मोठ्या, पाहुण्यांनी गजबजलेल्या घराच्या स्वामिनीची कला होती. कोणाला केव्हा बसवावयाचे, किती वेळ बसवावयाचे, अंगावर कोणती शाल टाकावयाची, हे सारे त्यांच्या गृहसत्तेवर अवलंबून होते. स्कीन किंवा स्कोवेन यांना अशा सत्तेची गरज नव्हती. त्यांचे गिऱ्हाईक पैसे देऊन येई आणि पैसे देऊन जाई.

ही सत्ता १८७५ मध्ये मागे राहिली. स्थलांतराची कारणे कौटुंबिक व आर्थिक अशी दुहेरी होती. एकुलती मुलगी १८७३ मध्ये बाळंतपणात वारली. मुलगे सिलोनमध्ये कोणी मळ्यावर, कोणी सरकारी नोकरीत होते. चार्ल्स ८० वर्षांचे झाले होते आणि त्यांचा जीव त्या बेटात अडकलेला होता. मळ्यांचे उत्पन्न अपुरे पडून कर्ज वाढत होते व इंग्लंडातील घरखर्च झेपत नव्हता. या प्रयाणाविषयी एक गोष्ट पुष्कळ सांगितली जाते : दोघांनी बरोबर दोन शवपेट्या नेल्या, त्यांत चिनी मातीची व काचेची भांडी भरलेली होती, आणि हमालांना पैशांऐवजी छायाचित्रे वाटली. ही कथा प्रामुख्याने व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२६ च्या निबंधामुळे सर्वश्रुत झाली. वुल्फ या कॅमेरॉनबाईंच्या भाचीची मुलगी. त्यांचा जन्म १८८२ चा, म्हणजे कॅमेरॉनबाईंच्या मृत्यूनंतरचा. तेव्हा ही घरात सांगोवांगी चालत आलेली आख्यायिका आहे. ती टाकून देण्याचे कारण नाही. मात्र तिच्यातील विनोदामुळे, साठ वर्षांची एक स्त्री आपली कार्यशाळा, मित्रमंडळ व बाजारपेठ एकदम सोडून निघाली होती, हे झाकले जाते एवढे लक्षात ठेवावे.

सिलोनमध्ये त्यांना एक घर मिळाले नाही, अनेक मिळाली. हार्डिंज हा मुलगा किनाऱ्यावरील कलुतरा येथे सरकारी अधिकारी होता. इतर मळे दिकोया-डिंबुलाच्या डोंगरात, तीन हजार फुटांहून अधिक उंचीवर. वृद्ध दांपत्याचा मुक्काम या घरांमध्ये फिरता राहिला. बैलगाडीच्या त्या वाटांवर मोठे काचफलक, द्रावणांच्या बाटल्या व अंधाऱ्या खोलीचे साहित्य वारंवार हलविणे म्हणजे काय, हे वेगळे सांगावयास नको. त्याहून महत्त्वाचे असे की, ही घरे मुलांची होती. फ्रेशवॉटरला ज्या गृहस्वामिनी होत्या त्या येथे मुलाच्या घरातील आई झाल्या.

या अवस्थेचे प्रत्यक्षदर्शी वर्णन वनस्पतिचित्रकार मेरियन नॉर्थ यांच्या १८९२ साली प्रसिद्ध झालेल्या आठवणींत आहे. त्या १८७७ च्या आरंभी कलुतऱ्याच्या घरी पाहुण्या होत्या. भिंती छायाचित्रांनी भरलेल्या. टेबले, खुर्च्या व जमीन यांवर आणखी छायाचित्रे आणि दमट हवेने ओलसर झालेली पुस्तके पसरलेली. चार्ल्स पांढऱ्या केसांचे, पुस्तकात रमलेले. नॉर्थबाईंचे केस मोकळे सोडून, त्यांना लोकरी वस्त्रांत गुंडाळून, डोक्याला टोचणाऱ्या नारळीच्या झावळ्यांत उभे करण्यात आले आणि अगदी सहज दिसा असे सांगण्यात आले. त्या वेळी तापमापक फॅरनहाइटचे ९६ अंश दाखवीत होता. नॉर्थ आणखी एक किस्सा नोंदवितात. एका माणसाची पाठ कॅमेरॉनबाईंना इतकी आवडली की त्यांनी मुलाला त्याला माळी म्हणून नोकरीस ठेवावयास लावले. वस्तुतः घराला बागच नव्हती. हा किस्सा हसण्यासाठी सांगितलेला आहे, पण इतिहासाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. फ्रेशवॉटरची जुनी रीत, म्हणजे आधी माणूस घरात आणावयाचा आणि मग त्याचे चित्र घ्यावयाचे, त्या येथेही चालवू पाहत होत्या. फरक इतकाच की आता नोकर ठेवण्यासाठी मुलाची मर्जी लागत होती.

उपलब्ध चित्रांत हा बदल दिसतो. इंग्लंडमधील त्यांचा विशेष म्हणजे चेहरा : चौकट भरून टाकणारा, किंचित अस्पष्ट, अंधारातून पुढे येणारा. सिलोनच्या चित्रांपैकी बऱ्याच ठिकाणी माणसे उघड्यावर किंवा ओसरीवर, थोड्या अंतरावर आहेत. नॉर्थबाईंचे ओसरीत चित्रफलकासमोर बसलेले छायाचित्र याच जातीचे. मुख्य भेद नावांचा आहे. मेरी हिलियर चित्रात कुमारी माता झाली तरी तिचे नाव इतिहासाला ठाऊक आहे. सिलोनची बहुतेक माणसे निनावी राहिली. कलुतऱ्याच्या शेतकऱ्यांच्या एका गटचित्राखाली कॅमेरॉनबाईंनी लिहून ठेवले आहे की, मुलगी १२ वर्षांची असून वृद्ध मनुष्य आपण तिचा बाप आहोत असे म्हणतो व स्वतःचे वय शंभर वर्षे सांगतो. या टीपेत वय आहे, नाते आहे, बोलणाऱ्यावरचा अविश्वासही आहे. नाव मात्र नाही. वसाहतीच्या छायाचित्रणात माणसाला जातीचा नमुना करून टाकण्याची जी रूढी होती तिच्याकडे हे चित्र झुकते, हा आक्षेप रास्त आहे. परंतु जॉन्सनच्या खंडांतील नमुन्यांशेजारी हे चित्र ठेवले असता अंतर जाणवते. येथे पोशाखाची किंवा धंद्याची मांडणी नाही. म्हातारा काहीतरी बोलला आणि ते तिने ऐकले, एवढे तरी या टीपेने नोंदविले आहे. घरचे नसलेल्या माणसाकडे घरच्या माणसासारखे पाहण्याचा प्रयत्न येथे आहे आणि तो अर्ध्यावर थांबलेला आहे. भाषा, वर्ण व मळ्याची मालकी एवढे अडसर मध्ये असताना तो पुरा होणे कठीणच होते.

ज्या काटकसरीसाठी हे स्थलांतर झाले तीही साधली नाही. कॉफीच्या पानांवरील तांबेरा सिलोनमध्ये १८६९ मध्ये प्रथम ओळखला गेला होता, म्हणजे कॅमेरॉन कुटुंब इंग्लंडहून निघण्याच्या सहा वर्षे आधी. कॉफीचा भाव चढा असल्यामुळे मळेवाल्यांना त्याचे गांभीर्य लवकर पटले नाही. नवी जमीन लागवडीखाली येत राहिली आणि एकरी पीक घटत राहिले. १८८० च्या दशकात सिलोनची कॉफी जवळजवळ संपली व तिची जागा चहाने घेतली.

१८७८ मध्ये कॅमेरॉनबाई थोड्या काळासाठी इंग्लंडला जाऊन आल्या. परतल्यानंतर काही महिन्यांतच, २६ जानेवारी १८७९ रोजी, दिकोया खोऱ्यातील ग्लेनकेर्न मळ्यावर त्यांचे निधन झाले. बोगवंतलावा येथील सेंट मेरी चर्चच्या आवारात त्यांचे दफन झाले. चार्ल्स कॅमेरॉन मे १८८० मध्ये वारले. त्यांची कबरही तेथेच, पत्नीच्या शेजारी आहे.