विहारातल्या ग्रंथवाचनाची कुळकथा

आषाढ पौर्णिमा आली की भंडारा जिल्ह्याच्या धानपट्ट्यात दोन कामं बरोबरीने सुरू होतात. दिवसा बांध्यांमध्ये चिखलणी आणि रोवणी, संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचं वाचन. साकोली तालुक्यातली सानगडी याच पट्ट्यातली. रोवणीवरून परतलेल्या बाया हातपाय धुऊन, पांढरं लुगडं नेसून विहारात येतात. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या प्रतिमांपुढे मेणबत्ती लागते, त्रिशरण-पंचशील होतं, आणि कालच्या खुणेपासून वाचन पुढे सुरू होतं. आश्विन पौर्णिमेपर्यंत हा नेम चालतो, समारोपाला भोजनदान होतं. या नेमाचं कूळ शोधत मागे गेलं, की जवळजवळ प्रत्येक टप्प्यावर साध्या माणसाने विचारलेला प्रश्न भेटतो.

या तीन महिन्यांच्या नेमामागच्या वर्षावासाचंच, म्हणजे पावसाळ्यात एका जागी राहण्याचंच पाहा. विनयपिटकातल्या महावग्गात त्याचा उगम नोंदला आहे. सुरुवातीला भिक्खू बाराही महिने चारिका करत. तथागत राजगृहाच्या वेळुवनात असताना लोकांनी तक्रार केली: हे शाक्यपुत्र श्रमण पावसाळ्यातही फिरतात, हिरवं गवत तुडवतात, बारीक जीव मारतात, इतर पंथांचे साधू या दिवसांत एका जागी राहतात, पाखरंसुद्धा झाडाच्या शेंड्यावर घरटं करून राहतात, मग यांनाच काय झालं? ज्याने ऐन आषाढात कोवळ्या धानाच्या बांध्या पाहिल्या आहेत, त्याला ही तक्रार समजावून सांगावी लागत नाही. तथागतांनी ती मानली. पावसाळ्याचे तीन महिने एका ठिकाणी राहायचा नियम झाला. तातडीच्या कामासाठी बाहेर जायचं, तर सात दिवसांच्या आत परत यायचं, अशी सोयही त्यात ठेवली.

धम्मश्रवणाची गोष्टही अशीच. अष्टमी, चतुर्दशी आणि पौर्णिमा-अमावास्येला इतर पंथांचे लोक जमतात, प्रवचन करतात, मग आपल्या भिक्खूंनीही का जमू नये, असं मगधाच्या राजा बिंबिसाराने सुचवलं. तथागतांनी अनुमती दिली. भिक्खू जमले, पण गप्प बसून राहिले. धम्म ऐकायला आलेले लोक चिडले. हे मुक्या डुकरांसारखे बसून काय राहतात, असं बोलू लागले. त्यानंतर त्या दिवशी धम्म सांगण्याची अनुज्ञा मिळाली. तिथिवारांना विहारात जमून धम्म ऐकण्याची रीत अशी, ऐकणाऱ्यांच्या नाराजीतून घडली.

वर्षावास संपतो तो पवारणेने. तीन महिने एकत्र राहिलेले भिक्खू त्या दिवशी एकमेकांना विनवतात: माझ्याकडून काही चुकल्याचं पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा नुसती शंका असेल, तरी सांगा; समजलं तर सुधारेन. हे आधी थेरांनी म्हणायचं, मग नव्यांनी. ज्येष्ठांनी आपणहून प्रश्नांना दार उघडायचं, असा हा विधी आहे.

पुढे प्रश्नोत्तरांचाच मोठा ग्रंथ झाला, मिलिंदपञ्ह. इसवी सनपूर्व दुसऱ्या शतकातला ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, म्हणजे मिलिंद, सागल नगरीत भिक्खू नागसेनांना शंका विचारत जातो आणि नागसेन दृष्टान्त देत उत्तर देतात. बाबासाहेबांनी औरंगाबादच्या आपल्या महाविद्यालयाला मिलिंदाचं नाव दिलं. नागसेनांचं नाव त्याच्या परिसराला, नागसेनवनाला मिळालं. विद्यार्थी जिथे शिकतो त्या इमारतीवर विचारणाऱ्याचं नाव असावं, ही निवड मला फार मोलाची वाटते.

मराठीत ही परंपरा आधुनिक काळात पुस्तकांतून आली. कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी १८९८ साली बुद्धचरित्र लिहिलं. मॅट्रिक झालेल्या भीमरावाच्या हाती १९०७ साली त्यांनीच ते दिलं. धर्मानंद कोसंबींनी पाली ग्रंथ मराठीत आणले. पण शेतात राबणाऱ्या माणसाने एवढं विस्तीर्ण वाङ्मय वाचायचं कसं? १९५० साली महाबोधी सोसायटीच्या नियतकालिकात लिहिताना बाबासाहेबांनी हीच अडचण मांडली आणि बौद्धांना हाताशी ठेवता येईल असा एक ग्रंथ हवा, असं म्हटलं. तो त्यांनी स्वतः लिहिला. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात धम्मदीक्षा झाली, ६ डिसेंबरला बाबासाहेब गेले, आणि १९५७ साली ग्रंथ इंग्रजीत छापून आला. भदंत आनंद कौसल्यायन यांनी तो हिंदीत आणला. १९७० साली घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांचा मराठी अनुवाद आला. खेडी पुष्कळ आणि भिक्खू मोजके, अशा स्थितीत वर्षावासातलं धम्म सांगण्याचं काम या ग्रंथाने उचललं.

आणि या ग्रंथाचा उंबरठाच चार प्रश्नांचा आहे. सिद्धार्थ गौतमाने परिव्रज्या का घेतली; म्हातारा, आजारी आणि प्रेत एकोणतिसाव्या वर्षी पहिल्यांदा दिसलं हे पटतं का? चार आर्यसत्यं ही मूळ शिकवण आहे का? आत्मा नाही, तर कर्म आणि पुनर्जन्म कसा? भिक्खू कशासाठी; स्वतः परिपूर्ण होण्यासाठी, की लोकांची सेवा करण्यासाठी? वाचकांनी या प्रश्नांच्या उकलीत भर घालावी, अशी अपेक्षाही बाबासाहेबांनी तिथेच लिहून ठेवली आहे.

विहारात आजही विचारलं जाणारं यापेक्षा फार वेगळं नाही. बुद्ध देव आहेत का? नाहीत. ते मार्गदाते आहेत, मोक्षदाते नाहीत, चालायचं आपणच. मग मूर्तीपुढे वाकायचं का? भारहुत आणि सांचीच्या जुन्या शिल्पांत बुद्धाची मूर्ती नाही. तिथे बोधिवृक्ष आहे, रिकामं आसन आहे, धम्मचक्र आहे. आपल्याच जिल्ह्यात पवनीला १९६९-७० च्या उत्खननात जे प्राचीन स्तूप उजेडात आले, त्यांतल्या कोरीव शिल्पांत नाव कोरलेला मुचलिंद नाग आहे. मूर्ती नव्हती तेव्हाही धम्म होता, म्हणून वंदन गुणांना असतं, मागणं मागण्यासाठी नसतं.

आत्मा नाही, तर पुढे जातं काय? नागसेनांनी रात्रभर जळणाऱ्या दिव्याचा दाखला दिला: पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत तीच नाही, आणि वेगळीही नाही. बाबासाहेबांनी उत्तर वेगळ्या अंगाने दिलं: देहाची भूतं निसर्गातल्या भूतांत मिळतात, एका देहातून दुसऱ्या देहात जाणारा आत्मा नाही. दोन्ही उत्तरं समोर ठेवून वाद घालणं हेच श्रवण.

तलावांच्या या जिल्ह्यात हमखास येणारा प्रश्न म्हणजे, मासे खाणाऱ्याने पहिलं शील घ्यावं कसं? आपल्यासाठी मारल्याचं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा तशी शंका असलेलं मांस भिक्खूने घेऊ नये, असा विनयाचा नियम आहे. बाबासाहेबांनी जीव घेण्याची गरज आणि जीव घेण्याची इच्छा यांत फरक केला. शील ही वरून आलेली आज्ञा नाही, आपण स्वतः घेतलेला नेम आहे. गरज कुठे संपते आणि इच्छा कुठे सुरू होते, हे ज्याचं त्याने रोज तपासायचं.

अडचण एवढीच, की पुष्कळ ठिकाणी वाचन होतं, धम्मपालन गाथा होते आणि माणसं उठतात. पानं पुरी होतात, शंका तशाच घरी जातात. लोक बोलले म्हणून जन्मलेला नेम लोक गप्प राहिल्याने कोरडा पडतो. म्हणून येत्या वर्षावासात एवढं करा: रोज दोन पानं कमी वाचा आणि तेवढा वेळ प्रश्नांना द्या. पहिला प्रश्न त्या दिवशी सगळ्यात मागे बसलेल्या बाईला किंवा शाळकरी पोराला विचारू द्या. उत्तर लगेच सापडलं नाही तर वहीत लिहून ठेवा, भंतेजी गावात आले की त्यांच्यापुढे ठेवा. ग्रंथ या वर्षी पुरा झाला नाही तरी चालेल. प्रश्न विचारायचे राहू नयेत.