मालिकेतील रिकामी जागा

पेठ वडगावी सेनापती धनाजी जाधवांची समाधी आहे. त्यांच्या काळी चालणारी तांब्याची शिवराई आजही हौशी संग्राहकास सहज मिळते. ‘श्री राजा शिव’ व ‘छत्रपति’ ही अक्षरे मिरवणारे हे नाणे शिवछत्रपतींच्या मागेही शतकाहून अधिक काळ पाडले जात होते. तेव्हा जुने ते दुर्मिळ, ही समजूत आम्ही खरी मानीत नाही.

मालिका अडते ती अलीकडच्या नाण्यांपाशी. १९११ साली पंचम जॉर्जचा रुपया निघाला. राजाच्या झग्यावरील हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि बहुतेक नाणी वितळवली गेली. १९३९ चा रुपयाही असाच हाती लागत नाही. बारांत अकरा भाग चांदीचा तो शेवटचा. १९४० पासून चांदी निम्मी झाली.

आणि आम्ही काय करतो? आजीच्या गाठोड्यातले रुपये सन न वाचताच सोनाराच्या मुशीत घालतो. तराजूला १९११ आणि १९१२ सारखेच, दोन्ही तोळाभर. १९१२ च्या रुपयावर हत्ती नव्याने कोरलेला आहे. सोंड नीट दिसते. मात्र त्यासाठी भिंग लागते.